शोभेच्या वृक्षाची निवड व जुन्या कागदांचा कालनिर्णय
(डिलाईल रोडच्या निमित्तानें)

१

मुंबईंतील डिलाईल रोड हा गिरणगांवांतील एक मुख्य रस्ता. सात रस्त्याकडून लोअर परळकडे जाणाऱ्या ह्या रस्त्याचें सरकारी नांव आज ना. म. जोशी मार्ग असें आहे. तथापि जुन्या रहिवाशांच्या तोंडीं डिलाईल रोड हेंच नांव राहिलें आहे. इ. स. १९२० मध्यें मुंबई सरकारनें डेव्हलपमेंट डिपार्टमेंट ह्या नांवाचें एक खातें काढलें. त्या खात्यानें पुढील पांच-सहा वर्षांत वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड ह्या चार ठिकाणीं मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकीं ३२ चाळी डिलाईल रोडवरच्या. प्रत्येक चाळींत ८० खोल्या व प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, असा हा हिशेब होता. ह्या चाळींच्या जागीं आतां म्हाडाच्या विद्यमानें उंच इमारती उठत आहेत. जुनी वस्ती मोडून नवी बसत असतां घराभोंवतालच्या थोड्याशा मोकळ्या जागेंत फुलांचा कोणता शोभिवंत वृक्ष लावावा, हा प्रश्न साहजिकच निघतो. प्रश्न वरवर पाहतां माळ्याचा आहे. परंतु त्याला इतिहासाची एक बाजू असून ती हस्तलिखितें व जुने कागद जमविणारांच्या नित्य उपयोगाची आहे. तिचा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, अंगणांत केवळ शोभेसाठीं लावलेल्या बहुतेक वृक्षांचा आमच्या देशांतील आगमनकाल ठोकळ मानानें सांगतां येतो. सबब ज्या कागदांत, बखरींत वा चित्रांत असा वृक्ष येतो, त्याचा काळ ठरविण्यास तो एक साक्षीदार होतो. मात्र ह्या साक्षीदाराची उलटतपासणी केल्याखेरीज त्याची साक्ष घेतां कामा नये, कारण वृक्ष नवा असून त्याचें नांव जुनें असणें ही गोष्ट फार वेळां घडलेली आहे.

प्रस्तुत रस्त्याच्या नांवावरूनच ह्या मुद्द्याचें स्वरूप ध्यानांत येईल. कामगारपुढारी नारायण मल्हार जोशी (१८७९-१९५५) ह्यांचें नांव ह्या रस्त्यास मागाहून मिळालें. म्हणून सन १९२२ ची तारीख घातलेल्या एखाद्या भाडेपावतीवर ‘ना. म. जोशी मार्ग’ असा पत्ता आढळला, तर ती पावती मागाहून केलेली किंवा निदान मागाहून नकललेली होय, असें निःशंकपणें म्हणतां येईल. उलट कागदावर ‘डिलाईल रोड’ असें आहे म्हणून तो जुनाच, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. कारण तें नांव लोक आजही वापरतात. नव्या नांवानें कागदाची पूर्वमर्यादा ठरते. जुन्या नांवानें उत्तरमर्यादा ठरत नाहीं. वृक्षांच्या नांवांसही हाच न्याय लागू आहे.

२

घराजवळ कोणता वृक्ष लावावा ह्याविषयीं आमच्याकडील विचार फार जुना आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचलेल्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत बागेंत अथवा घरीं प्रथम लावण्यास मंगल असे पांच वृक्ष सांगितले आहेत : अरिष्ट, अशोक, पुन्नाग, शिरीष व प्रियंगु. ह्यांपैकीं अरिष्ट म्हणजे निंब कीं रिठा, व प्रियंगु म्हणजे नक्की कोणती वनस्पति, ह्यांविषयीं मतभेद आहेत. परंतु अशोक, पुन्नाग व शिरीष हे तिन्ही फुलांसाठीं प्रसिद्ध असलेले वृक्ष होत. वास्तुविद्येच्या अध्यायांत घरालगत काय नसावें हेंही सांगितलें आहे. कांटेरी झाडानें शत्रूचें भय, चिकाच्या झाडानें द्रव्यनाश व फळझाडानें संततीची हानि होते, असा तेथील अभिप्राय. तीं झाडें तोडवत नसतील तर त्यांच्या मधून पुन्नाग, अशोक, बकुळ, फणस, शमी इत्यादि चांगलीं झाडें लावावीं, अशी सोयही ग्रंथकारानें ठेविली आहे.

ह्या नियमांतील फलश्रुति बाजूस ठेविली, तरी दोन झाडांमधील अंतराचा त्याचा नियम निव्वळ व्यवहाराचा आहे. वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम व बारा हात कनिष्ठ, असें तो सांगतो. आणि एकमेकांस चिकटलेल्या व मुळ्या गुंतलेल्या झाडांस फळ नीट धरत नाहीं, असें त्याचें कारण देतो. बारा हात म्हणजे सुमारें अठरा फूट. म्हणजे कनिष्ठ मानानें धरलें तरी एका वृक्षास अठरा फूट लांब व तितकीच रुंद, एकूण ३२४ चौरस फूट जागा लागते. डिलाईल रोडवरील चाळींतील एका बिऱ्हाडास मिळालेल्या जागेच्या दुपटीहून ही जागा अधिक भरते. ह्या एका हिशेबावरून गिरणगांवांतील कुटुंबाला खासगी बाग कां लाभली नाहीं, तुळशीच्या कुंडीवर त्याला कां समाधान मानावें लागलें, व शोभेचा वृक्ष हा त्याच्या दृष्टीनें नेहमींच रस्त्याचा, आवाराचा किंवा सार्वजनिक बागेचा वृक्ष कां राहिला, हें समजतें.

मराठी राज्याच्या कागदांत वृक्षांविषयींचा दृष्टिकोन वेगळा दिसतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (सुमारें इ. स. १७१५) गडांच्या प्रकरणीं झाडांची तजवीज सांगितली आहे. गडावर असलेलीं झाडें राखावीं. आंबे, फणस, चिंचा, वड, पिंपळ, लिंबें, नारिंगें इत्यादि लावावीं. फुलझाडें व वेलीही लावाव्या. झाड कामाचें असो वा बिनकामाचें असो, तें जतन करावें, कारण प्रसंग पडल्यास निदान लाकूड तरी उपयोगीं पडेल, असा त्यांतील आशय आहे. वेढ्यांत सांपडलेल्या गडास सरपणाची किंमत काय असते, हें जाणणाऱ्या मुत्सद्द्याची ही दृष्टि आहे. तथापि येथेंही फुलझाडांस स्वतंत्र स्थान दिलें आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

ह्या विषयावरील संस्कृत ग्रंथांचें भाग्य संग्राहकांस बोधप्रद वाटेल. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची पोथी ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयांत पडून होती. तिची प्रत डॉ. य. ल. नेने ह्यांनीं १९९४ मध्यें मिळविली व १९९६ मध्यें ती नलिनी साधले ह्यांच्या भाषांतरासह प्रसिद्ध झाली. माळ्याच्या कामाची म्हणून कमी लेखली जाणारी पोथी किती महत्त्वाची ठरूं शकते, ह्याचें हें अलीकडचें उदाहरण होय.

३

परदेशी वृक्ष येण्यापूर्वी व येत असतां पश्चिम किनाऱ्यावर कोणतीं फुलझाडें होतीं, हें पाहण्यास सतराव्या शतकांतील एक मातबर साधन उपलब्ध आहे. मलबारचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड ह्यानें तयार करविलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ अॅम्स्टरडॅम येथें १६७८ पासून १६९३ पर्यंत बारा भागांत छापून निघाला. त्याच्या कामीं रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे तीन कोंकणी वैद्य साहाय्यक होते. त्यांनीं १६७५ मध्यें कोंकणी भाषेंत व नागरी अक्षरांत लिहून दिलेलें प्रशस्तिपत्र पहिल्या भागांत ठशावरून छापलेलें आहे. ग्रंथांतील चित्रांवरही वनस्पतींचीं नांवें इतर लिप्यांबरोबर नागरींत घातलेलीं आहेत. मुद्रित नागरी अक्षरांच्या जुन्या नमुन्यांत ह्या पानांची गणना होते.

ह्या ग्रंथांत बहावा आहे, पांगारा आहे, पळस आहे, सांवर आहे, अशोक आहे, व आपण ज्यास ताम्हण म्हणतों तो ‘अदंबो’ ह्या मलबारी नांवानें आहे. सहाव्या भागाच्या आरंभींच ‘चेट्टि-मंदारु’ म्हणून एक झुडूप दिलें आहे. तें म्हणजे आपला शंकासूर. हें झुडूप मूळचें अमेरिका खंडांतील उष्ण प्रदेशाचें. परंतु सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें मलबारांत इतकें रुळलें होतें कीं, देशी वनस्पतींच्या ग्रंथांत त्यास सहज जागा मिळाली. गुलमोहर मात्र ह्या बारा भागांत कोठेंही नाहीं. नसणें हा पुरावा सामान्यतः दुबळा असतो. परंतु वैशाखांत डोक्यापासून बुंध्याच्या फांद्यांपर्यंत लालभडक होणारा वृक्ष तीन वैद्य, अनेक चितारी व एक चौकस गव्हर्नर ह्यांच्या नजरेंतून निसटला, असें मानणें कठीण. म्हणून येथें त्या पुराव्यास वजन आहे.

गुलमोहराची हकीकत पुढीलप्रमाणें आहे. वेन्झेल बोयर हा बोहेमिया देशांतील वनस्पतिशास्त्रज्ञ मॉरिशस बेटांत राहत असे. त्याला इ. स. १८२० नंतरच्या दशकांत मादागास्कर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर हा वृक्ष आढळला व त्यानें तो मॉरिशसला नेला. तेथून गेलेल्या माहितीवरून व चित्रावरून विल्यम हूकर ह्यानें १८२९ मध्यें ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. शंकासूराचें शास्त्रीय नांव लिनियसनें १७५३ मध्यें ‘पॉइन्सियाना पुल्चेरिमा’, म्हणजे अति सुंदर, असें ठेविलें होतें. हूकरनें नव्या वृक्षास त्याच कुळांत घालून ‘पॉइन्सियाना रेजिया’, म्हणजे राजस, असें म्हटलें. पुढें राफिनेस्क ह्यानें त्यास निराळें काढून ‘डेलोनिक्स’ हें नांव दिलें व तेंच आज शास्त्रांत रूढ आहे.

असे वृक्ष मुंबईस कोणत्या वाटेनें आले, ह्याची दिशाही स्पष्ट आहे. पश्चिम हिंदुस्थानची कृषि व उद्यान सोसायटी १८३० मध्यें स्थापन झाली व तिची बाग शिवडी येथें होती. त्या बागेशीं निकट संबंध असलेल्या जॉन ग्रॅहम ह्या टपालखात्यांतील अधिकाऱ्यानें मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी तयार केली. ती १८३९ मध्यें निघाली. ग्रंथ पुरा होण्यापूर्वींच तो खंडाळ्यास वारला व राहिलेला भाग निम्मो ह्यानें पुरा केला. भायखळ्याची राणीची बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं लेडी फ्रिअर ह्यांच्या हस्तें उघडली. शिवडीच्या बागेची जागा १८६५ मध्यें दफनभूमीसाठीं घेण्यांत आली, व सोसायटीचें काम राणीच्या बागेंत चालूं राहिलें. १८७३ मध्यें ती बाग म्युनिसिपालिटीच्या ताब्यांत गेली. डिलाईल रोडच्या दक्षिण टोंकापासून ही बाग फार दूर नाहीं. गिरणगांवांतील कुटुंबांस दूरदेशींच्या फुलझाडांची जी ओळख झाली, ती मुख्यतः ह्या बागेंत व म्युनिसिपालिटीनें रस्त्यांकडेला लावलेल्या झाडांतून झाली.

डाल्झेल व गिब्सन ह्यांच्या १८६१ मधील ‘बॉम्बे फ्लोरा’ ह्या ग्रंथास बाहेरून आणलेल्या व येथें रुळलेल्या वनस्पतींची वेगळी पुरवणी जोडलेली आहे. देशी कोणतें व आगंतुक कोणतें, हा भेद त्या पिढीनें छापील ग्रंथांत करून ठेविला, हा आम्हांवर उपकार आहे. विसाव्या शतकांत फादर ब्लॅटर व मिलर्ड ह्यांचा सुंदर भारतीय वृक्षांवरील सचित्र ग्रंथ १९३७ मध्यें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें प्रसिद्ध केला. ह्यांपैकीं मिलर्ड हे स्वतः हौशी बागाइती असून ब्रह्मदेशांतील गुलाबी फुलांचा बहावा मुंबईच्या बागांत आणण्याचें श्रेय त्यांस दिलें जातें.

४

आतां नांवांकडे वळूं. ‘गुल’ हा फारसी शब्द फुलाचा वाचक आहे. उत्तरपदाविषयीं मात्र तीन समजुती आहेत. कोणी तें मराठी ‘मोहोर’ मानतात. कोणी ‘मोर’ मानून गुलमोर असा मूळ शब्द धरतात. आणि इंग्रजी लेखनांत तर त्याचें ‘गोल्ड मोहर’ होऊन फुलाच्या जागीं सोन्याचें नाणें आलें. इंग्रजींत शंकासूरास मोराचें फूल म्हणतात ही गोष्ट पाहतां, गुलमोर हें नांव आधीं लहान झुडपास असावें व पुढें त्याच्यासारख्याच फुलांचा मोठा वृक्ष आल्यावर तें त्याच्याकडे सरकलें असावें, असें आमचें अनुमान आहे. हूकरनें लॅटिनमध्यें जें केलें, म्हणजे ओळखीच्या झुडपाचें कुळनांव नव्या वृक्षास दिलें, तेंच माळ्यांनीं देशी भाषेंत केलें असल्यास नवल नाहीं. हीच रीत पुढेंही चालली. दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या निळ्या फुलांच्या वृक्षास नीलमोहर व पिवळ्या फुलांच्या पेल्टोफोरमला सोनमोहर म्हणूं लागले. हीं दोन्ही नांवें गुलमोहर हा शब्द रुळल्यानंतरचींच असलीं पाहिजेत, हें उघड आहे.

अशीं फसवीं नांवें आणखीही आहेत. ‘चाफा’ म्हटलें कीं आज अनेकांस देवचाफा आठवतो; तो अमेरिका खंडांतील असून जुन्या संस्कृत काव्यांतील चंपक म्हणजे सोनचाफा होय. ‘अशोक’ म्हणून सध्यां बंगल्यांच्या कडेला जीं उंच सरळ हिरवीं झाडें लावतात, त्यांचीं फुलें हिरवट व नजरेंत न भरणारीं असतात; वराहमिहिराचा अशोक तो नव्हे. त्याचा अशोक म्हणजे नारिंगी-तांबड्या फुलांचे झुबके धारण करणारा सीता-अशोक. सर्वांत चमत्कारिक उदाहरण कैलासपतीचें. फुलांतील केसरांच्या रचनेंत भाविकांस शिवलिंग व नागफणा दिसते, म्हणून शिवालयांच्या आवारांत हा वृक्ष लावतात; परंतु तो मूळचा दक्षिण अमेरिकेंतील असून ऑब्ले ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें गियाना प्रांतांतून त्याचें वर्णन १७७५ मध्यें केलें. देवळांत आहे व देवाचें नांव धारण करतो एवढ्यावरून वृक्ष प्राचीन ठरत नाहीं, हें ह्यावरून कळावें.

ह्याच्या उलट उर्वशीचें. हें नांव पुराणांतील असलें तरी ज्या वृक्षास तें दिलें, तो डॉ. वॉलिच ह्यास १८२७ मध्यें ब्रह्मदेशांत मर्तबानजवळील एका बौद्ध मठाच्या बागेंत आढळला, व गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अॅम्हर्स्ट ह्यांच्या नांवावरून त्याचें शास्त्रीय नामकरण झालें. राणीच्या बागेंतील उर्वशी हें मुंबईच्या वृक्षप्रेमी लोकांचें आजही एक लाडकें स्थान आहे. येथें संस्कृत नांव नवें व वृक्षाची येथील ओळखही नवी, म्हणून घोटाळा होत नाहीं.

५

वरील माहितीवरून कागद तपासणारानें पुढील नियम ध्यानांत ठेवावे, असें आम्हांस वाटतें.

पहिला नियम : नांवापेक्षां वर्णनास मान द्यावा. समजा, पेशवाईंतील एखाद्या बागेच्या वर्णनांत ‘गुलमोर’ असा शब्द आला. तेवढ्यावरून तो कागद बनावट ठरत नाहीं. शंकासूराचें झुडूप तेव्हां किनाऱ्यावर होतेंच. परंतु त्याच वर्णनांत त्याची सावली, त्याखालीं पडलेला डेरा, किंवा हात-दीड हात लांबीच्या कठीण शेंगा असतील, तर तो मोठा वृक्ष होय, व असा मजकूर १८२० पूर्वींचा असणें संभवत नाहीं.

दुसरा नियम : मिती व बहर ह्यांची सांगड घालून पाहावी. शंकासूर बहुतेक वर्षभर फुलतो. गुलमोहर चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत फुलतो. पौषांतील पत्रांत तांबड्या-पिवळ्या फुलांचा उल्लेख असल्यास तो झुडपाचा मानावा.

तिसरा नियम : चित्रांत केवळ पानांवरून निर्णय करूं नये. गुलमोहरासारख्याच बारीक पिच्छाकार पानांचा, पण पांढुरक्या-पिवळ्या फुलांचा, त्याचा एक भाऊबंद आमच्या देशांत पूर्वींपासून आहे. चित्रांत फुलें लाल असून वृक्ष छत्रीसारखा पसरलेला असेल, तरच संशय घ्यावा. शिवकालीन प्रसंगांच्या अर्वाचीन चित्रांत असा वृक्ष पार्श्वभूमीस काढलेला असतो. चित्र जुनें म्हणून विकावयास आल्यास ह्या एका खुणेवरून तें मागाहूनचें ठरतें.

चौथा नियम : नकलेचा दोष मुळावर लादूं नये. एकोणिसाव्या शतकांत नक्कल करणाऱ्या लेखकानें अपरिचित शब्दाच्या जागीं ओळखीचें नांव घातलें असेल. एका झाडामुळें सबंध बखर टाकून देणें हें, एका झाडावर विसंबून ती खरी मानण्याइतकेंच चुकीचें आहे.

६

मूळ प्रश्नाचें उत्तर देणें राहिलें. इतिहासाच्या दृष्टीनें कोणताही वृक्ष परका म्हणून त्याज्य नाहीं; शंकासूर व देवचाफा आज आमच्या देवपूजेंत आहेतच. परंतु जागेचा विचार केल्यास गुलमोहर डिलाईल रोडसारख्या दाट वस्तीस सोईचा नाहीं. त्याचा विस्तार मोठा, मुळें उथळ व लाकूड ठिसूळ असल्यामुळें पावसाळी वाऱ्यांत फांद्या मोडतात व कधीं सबंध वृक्ष उन्मळतो. मोकळ्या मैदानांत त्याच्यासारखी शोभा दुसऱ्याची नाहीं, हें खरें. भिंतीलगत मात्र तो लावूं नये. उर्वशी सुंदर, पण तिचें बीज क्वचित् धरतें व रोप नाजूक. बहाव्यास ऊन लागतें; तें असेल तेथें त्याचे पिवळे घोस उत्तम. ताम्हण ओलसर जमीन सोसतें, जांभळ्या फुलांनीं उन्हाळ्यांत भरून जातें, व महाराष्ट्राचें राज्यपुष्प होण्याचा मान त्यास मिळाला आहे. उंच इमारतींच्या सावलींत, जेथें ऊन थोडें व जागा बारा हातांचीच, तेथें सीता-अशोक लावावा. तो सावकाश वाढतो, आटोपशीर राहतो, बारमास हिरवा असतो, व घराजवळ लावण्याच्या वराहमिहिराच्या यादींत त्याचें नांव आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. बागांचे जमाखर्च, माळ्यांच्या मजुरीच्या याद्या, रोपें विकणारांच्या किंमतपत्रिका, फुलांच्या प्रदर्शनांचीं पत्रकें व चाळींच्या भाडेपावत्या हे कागद आजवर फुटकळ म्हणून बाजूस पडत आले आहेत. वस्ती उठते तेव्हां ते प्रथम रद्दींत जातात. डिलाईल रोडवरील बिऱ्हाडें नव्या घरांत जात असतां पेट्या-फडताळांतून असे कागद बाहेर निघण्याचा संभव आहे. ज्यांच्या हातीं ते येतील त्यांनीं कागदाची तारीख, ठिकाण व झाडाचें नांव मूळ लेखनाप्रमाणें, शुद्ध न करितां, टिपून प्रसिद्ध करावें. गुलमोहर हा शब्द मराठींत मोठ्या वृक्षासाठीं प्रथम केव्हां लिहिला गेला, ह्याचा निर्णय अशा एखाद्या मळक्या पावतीवरूनच व्हावयाचा आहे.